ताई, तिने तो पेला का नाही उचलला? : पुनर्जन्माच्या रोमँटिक फँटसीत शक्ती वाया कशी जाते आणि प्लॉट कसा सावरायचा

मी भागाभागाने पुनर्जन्माची एक रोमँटिक फँटसी लिहिते. तिच्या सहाव्या भागात मी माझ्या नायिकेला एक शक्ती दिली. कुठलीही वस्तू उघड्या हाताने धरली की तिच्याआधी ती शेवटची कोणी हातात घेतली होती आणि त्यावेळी त्या माणसाच्या मनात काय चाललं होतं ते तिला कळतं. वाचकांना जाम आवडलं. मग एकतिसाव्या भागात राजवाड्यातल्या मेजवानीत राजपुत्र पेल्यातलं पिऊन कोसळला, आळ नायिकेवर आला, तिला तळघरात टाकलं, उत्तरेचा ड्यूक बर्फातून घोडा फेकत आला, तलवार उपसली, सोडवलं तिला. मी एकदम खूश, म्हटलं आज कमेंट्सचा पाऊस. पहिलीच कमेंट आली एका ओळीची: "ताई, तिने तो पेला का नाही उचलला?"

खरं उत्तर असं होतं की मी विसरले होते. पंचवीस भागांत ती शक्ती मी दोनदा वापरली होती, एकदा हरवलेलं मांजर शोधायला आणि एकदा मोलकरणीने चोरलेली कर्णफुलं शोधायला. म्हणजे घरात तोफ आणून ठेवायची आणि तिच्यावर कपडे वाळत घालायचे, तसला प्रकार.

त्यानंतर मी या प्रकारातल्या बऱ्याच मालिका परत वाचून काढल्या, कोरियन, जपानी, आणि आपल्या मराठी ॲप्सवर चालतात त्यापण, आणि बहुतेक ठिकाणी दुखणं एकच दिसलं. शक्तीचा रूळ वेगळा आणि प्रेमाचा रूळ वेगळा. शक्ती चिल्लर कामं करते, आणि कथा वळते त्या जागी निर्णय घेतो हिरो, नाहीतर योगायोग. नायिका फक्त सुंदर कपड्यात उभी. खाली जे सांगतेय ते सगळं हे दोन रूळ एकत्र आणायचे कसे याबद्दलच आहे, आणि उदाहरण म्हणून माझी तीच फसलेली गोष्ट घेतेय, कारण दुसऱ्याच्या गोष्टीची चिरफाड करण्यापेक्षा ते बरं.

आधी ठरवा, हा पुनर्जन्म नेमका कुठल्या जातीचा

कोरियन वेबनॉव्हेलवाल्यांनी, म्हणजे तिकडे ऑनलाइन भागाभागाने कादंबऱ्या लिहिणाऱ्यांनी, याचे तीन प्रकार सरळ वेगळे काढलेत. ह्वेग्वी म्हणजे मरून स्वतःच्याच आयुष्यात मागे येणं. बिंगुई म्हणजे दुसऱ्याच्या शरीरात, बहुतेक वेळा वाचलेल्या कादंबरीतल्या एखाद्या पात्राच्या शरीरात शिरणं. आणि ह्वानसेंग म्हणजे आपल्या नेहमीच्या अर्थाने नवा जन्म, बाळापासून. तिन्ही मिळून ते ह्वेबिंगह्वान म्हणतात.

हे पाठ करण्यासाठी सांगत नाहीये. प्रत्येक प्रकारात नायिकेच्या पदरात वेगळा ऐवज पडतो आणि लोक तो सर्रास मिसळतात. मागे आलेलीला माणसं माहीत असतात, कोण रात्री दारू पिऊन काय बरळतो इथपर्यंत, पण तिच्या पाठीमागे घडलेलं तिला माहीत नसतं. पुस्तकात शिरलेलीला उलटं, बंद दाराआडचं माहीत असतं कारण ते लेखकाने लिहिलं होतं, पण पुस्तकात जे आलंच नाही, म्हणजे स्वयंपाकीण कोणाची बहीण, घरावर कर्ज किती, त्यात ती ठार अडाणी. शिवाय त्या शरीराची जुनी मालकीण कुठे गेली हा प्रश्न उरतोच आणि नव्वद टक्के लेखक तो सतरंजीखाली सारतात (टक्का माझ्या अंदाजाचा आहे, भांडायला येऊ नका). बाळापासून जन्मलेलीकडे मागच्या जन्माची विद्या असते, आणि एक मोठी अडचणही असते, तिशीतलं मन आणि सात वर्षांचं शरीर. तिथे रोमान्स सुरू करायची घाई करू नका, वाचताना किळस येते, बाकी काही नाही.

आपल्याकडे पुनर्जन्म म्हटलं की मला आधी १९८० चा 'कर्ज' सिनेमा आठवतो. तिथे आठवण हळूहळू, गिटारच्या एका धूनवरून तुकड्या-तुकड्याने येते, आणि एकदा आली की मॉन्टी तीच हत्यार करतो, मागच्या जन्मी त्याचा जीव घेणाऱ्या कामिनीसमोर त्या जन्माची अख्खी कथा स्टेजवर गाण्यातून उभी करून तिची झोप उडवतो. कोरियन प्रकारात आठवण पहिल्याच पानावर हातात येते. म्हणजे आठवणार कधी ही उत्सुकता आधीच संपली, आता ती त्या आठवणीचं करते काय यावरच सगळी मदार. आणि तिथेच आपण मांजर शोधतो.

एक वही करा, तीन रकाने

खरोखरची वही. पहिल्या रकान्यात नायिकेकडे काय काय आहे, दुसऱ्यात ते कुठल्या भागात वाचकाला कळलं, तिसऱ्यात कथेतल्या कोणाकोणाला ते ठाऊक आहे. माझी नायिका रोझालिन, मागच्या जन्मी नाशिकच्या एका मेडिकलमध्ये रात्रपाळी करायची, आणि अर्धवट वाचलेल्या कादंबरीतल्या व्हिलनेसच्या, म्हणजे खलनायिकेच्या, शरीरात शिरली. वही केल्यावर कळलं की तिच्याकडे तीन गोष्टी होत्या: स्पर्शाची शक्ती, अर्ध्या कादंबरीची माहिती, आणि औषधांचं ज्ञान. यातली तिसरी मी पहिल्या भागानंतर एकदाही काढली नव्हती! फार्मासिस्ट बाई, समोर विषबाधा, आणि ती रडतेय. लाज वाटली हो.

वहीत पाचाच्या वर गोष्टी झाल्या तर उरलेल्या कापा. अग्नीजादू, औषधी वनस्पती, प्राण्यांशी बोलणं, गुप्त राजवंश, वर एक बोलणारी अंगठी... एवढं सगळं एकाच बाईला दिलं की निम्मं विसरणार हे ठरलेलंच.

शक्ती छोटी असली तरी चालते हेही इथेच सांगते. 'माय नेक्स्ट लाइफ ॲज अ व्हिलनेस' मधली कॅटरिना आठवा, २०२० मध्ये त्याचा ॲनिमे, म्हणजे जपानी कार्टून मालिका, आला होता. तिची भूमीजादू म्हणजे जमीन जराशी फुगवणं, एवढंच. पण देशोधडीला लागलो तर पोट कसं भरायचं म्हणून ती शेती शिकते, राजपुत्र सापाला घाबरतो म्हणून खोटे साप बनवत बसते. भविष्य माहीत असल्याची तयारी प्रत्येक भागात दिसते, आणि त्या वेडेपणातूनच माणसं तिच्या प्रेमात पडतात.

भविष्याच्या माहितीला एक्स्पायरी असते

मेडिकलवालीची भाषा वापरतेय, पण आहे ते तसंच. नायिकेने पहिला बदल केला की तिला माहीत असलेलं भविष्य नासायला लागतं. तिने साखरपुडा मोडला, मग लग्न नाही, मग सासऱ्याने ते युद्ध पुकारायचं कारणच उरलं नाही, आणि तरी चाळिसाव्या भागात ते युद्ध ठरल्या तारखेला होतं! कसं काय बुवा?

उपाय सोपा आहे पण कंटाळवाणा. जुन्या आयुष्यातल्या किंवा मूळ कादंबरीतल्या बारा मोठ्या घटना एकाखाली एक लिहा. मग नायिकेच्या प्रत्येक बदलानंतर यादी वरून खाली वाचत या आणि प्रत्येक घटनेला विचारा, ही आता तरी होईल का. नाही म्हणाली की काट. यात एक गंमत कळते, सगळ्या घटना सारख्या वेगाने नासत नाहीत. माणसांच्या मनावर अवलंबून असलेल्या आधी जातात: लग्नं, कट, मैत्री, दगाबाजी. निसर्गाच्या टिकतात: दुष्काळ, भूकंप, डोंगरात असलेली खाण. साथीचे रोग मधले, ते माणसांच्या येण्याजाण्यावर असतात.

खरं उदाहरण घ्या. १८१५ च्या एप्रिलमध्ये आजच्या इंडोनेशियातल्या तंबोरा ज्वालामुखीचा प्रचंड स्फोट झाला आणि १८१६ साली युरोपात उन्हाळा असा आलाच नाही, पिकं बुडाली, धान्य महागलं. समजा कोणी १८१४ मध्ये मागे आली. ती कोणाशीही लग्न करो, न करो, तंबोरा फुटणारच. पण ती कोणाला सांगणार? आणि तिने गुपचूप कोठारं भरून ठेवली तर दोन वर्षांनी गावात तिला साठेबाज म्हणतील की चेटकीण? ही माहिती कथेत कामाला येते कारण ती खात्रीची आहे आणि वापरायला अवघड आहे. माझ्या वहीत मी अशा टिकणाऱ्या घटनांपुढे खूण करून ठेवते आणि रोमान्समधली मोठी वळणं त्यांच्याच आसपास लावते.

आधुनिक ज्ञान: एका रात्रीत साबण होत नाही

हा भाग थोडक्यात. मॉडर्न नायिका गेली की दुसऱ्या दिवशी गुलाबाच्या वासाच्या साबणवड्या विकून श्रीमंत. आता लाकडाच्या राखेतून जो क्षार निघतो तो पोटॅशचा, त्याचा साबण मऊ, लिबलिबीत होतो, कडक वडी हवी तर मीठ घालून आटापिटा करावा लागतो किंवा सोडा मिळवावा लागतो, आणि न उकळता केलेला साबण वापरायच्या आधी चार ते सहा आठवडे मुरू द्यावा लागतो. हे सगळं कथेत कोंबा असं म्हणत नाहीये, पण त्या सहा आठवड्यांत किती भाग आहेत बघा! पहिला घाणा फसतो, हात भाजतो, चरबी आणायला खाटकाशी घासाघीस होते, ड्यूकच्या वाड्यात घाण वास सुटतो आणि तो नाक धरून खाली येतो. तिथे तुमचा रोमान्स आहे.

'असेंडन्स ऑफ अ बुकवर्म' या जपानी मालिकेत हे फार छान केलंय (ती रोमान्स नाही, पण शिकायला उत्तम). पुस्तकवेडी मुलगी मरते आणि गरीब सैनिकाच्या लहान मुलीच्या शरीरात जागी होते, कागद परवडायची सोय नाही. गवताच्या तंतूंपासून कागदासारखं विणायला जाते, जमत नाही. मातीच्या पाट्या करते, भाजताना फुटतात. लाकडाच्या पट्ट्यांवर लिहायला घेते तर आई त्या सरपण म्हणून चुलीत घालते. ज्ञान पूर्ण डोक्यात आहे, हातात शून्य.

शक्तीची किंमत प्रेमातून वसूल करा

इथे जरा थांबते कारण माझ्या मते सगळ्यात जास्त मालिका इथेच वाया जातात. शक्ती वापरली की नाकातून रक्त येतं, चक्कर येते, तीन दिवस झोप. ही किंमत नाही, ही सुट्टी आहे. उलट हिरोला उशाशी बसायचा चान्स मिळतो, म्हणजे बक्षीसच झालं.

रोझालिनसाठी मी नंतर असा नियम केला: वस्तूतून जी भावना तिच्यात येते ती दुसऱ्या दिवशी सूर्य उगवेपर्यंत जात नाही. मोलकरणीची भीती धरली तर रात्रभर भीती. आता विसाव्या भागात ड्यूकने तिला स्वतःचा खंजीर दिला होता, आणि तिने तो उघड्या हाताने घेतला होता. खंजिरात काय होतं? त्याचं तिच्यावरचं प्रेम, त्याने तोंडाने कबूल करायच्या दहा भाग आधी. त्या रात्री तिला जे धडधडलं ते तिचं होतं की त्याचं? तिला आजही माहीत नाही. आणि त्याला तर हे काहीच माहीत नाही, की ती परवानगी न घेता त्याच्या मनात जाऊन आलीय.

एवढा एक नियम घातला आणि कितीतरी गोष्टी आपोआप जुळल्या. ती बारा महिने हातमोजे का घालते ते जुळलं. तिने हातमोजा काढणं ही चुंबनापेक्षा मोठी गोष्ट झाली. पहिले सहा भाग परत वाचले तर हातमोजे तिथे होतेच, फॅशन म्हणून टाकलेले. कधीकधी नशीब असतं.

तुमच्या नायिकेला हा प्रश्न विचारा: ही शक्ती आहे म्हणून तिच्या प्रेमात काय बिघडतं? काहीच बिघडत नसेल तर शक्ती बदला किंवा नियम बदला. भविष्य दिसणारीला त्याचा मृत्यू दिसला असेल तर ती त्याच्यावर प्रेम करतेय की कीव, हे त्याला कधीतरी विचारावंसं वाटेल. जखमा भरणारीकडे तो सारखा जखमी होऊन येतोय, भेटायला की फुकट औषधाला?

पेला-चाचणी

आता मूळ मुद्दा. प्रत्येक मोठ्या संकटाचा भाग लिहायच्या आधी वही उघडायची आणि विचारायचं: हिच्याकडचं काही वापरून हे दोन मिनिटांत सुटतं का? सुटत असेल तर रस्ते दोनच. एक, ती ते वापरते, आणि त्यातून जे कळतं त्याने प्रकरण आणखी चिघळतं. दुसरा, ते वापरता येत नाही, आणि का येत नाही हे निदान चार-पाच भाग आधी वाचकाला सांगितलेलं असतं. संकटाच्या भागातच अचानक "आज अमावस्या असल्याने शक्ती चालेना" म्हणालात तर लोक चिडतात आणि बरोबर चिडतात.

माझ्या मेजवानीवर हे लावून बघते. तिने पेला उचलला तर? आधी मला वाटलं विष घालणारा सापडेल आणि गोष्ट तिथेच संपेल. पण नियम काय होता, शेवटचा हात. पेला शेवटचा कोणाच्या हातात होता? राजपुत्राच्याच, तोच प्यायला ना! म्हणजे तिला विष घालणारा दिसणार नाही, राजपुत्राचं मन दिसेल. मी पेन खाली ठेवलं, कारण त्या मनात काय असेल हे मी कधी ठरवलंच नव्हतं. भीती असेल असं आपण धरून चालतो. पण समजा नसली? समजा तिथे नाटकातला नट विंगेत आपल्या एन्ट्रीची वाट बघतो तशी चुळबूळ असली?

राजपुत्राने विष स्वतःच घेतलं. आणि आता मेडिकलवाली कामाला येते. डोळ्यांच्या बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, चेहरा लालबुंद. हे बेलाडोनाच्या घराण्यातलं विष, आपला धोतरा त्याच गोतावळ्यातला. युरोपातल्या बायका एकेकाळी डोळे टपोरे दिसावेत म्हणून बेलाडोनाचे थेंब डोळ्यांत घालायच्या, नावाचा अर्थच सुंदर स्त्री, त्यामुळे राजवाड्यात ती बाटली कोणाच्याही ड्रेसिंग टेबलवर सापडेल. जास्त डोस गेला तर माणूस भ्रमात बरळायला लागतो, आणि हा पठ्ठ्या कोसळताना स्पष्ट शब्दांत तिचं नाव घेऊन कोसळला. डोस मोजून घेतलाय.

म्हणजे तिला सगळं कळलं आणि तरी ती अडकलेलीच. डोसवरून संशय घेता येतो, सिद्ध काही होत नाही. जीव वाचवायचा असेल तर भर दरबारात शक्ती उघड करावी लागेल. उघड केली की समोर उभा असलेला ड्यूक एका क्षणात हिशोब करेल: खंजीर, पत्रं, अंगठी. बोलली तर जीव वाचतो आणि तो जातो. गप्प राहिली तर तळघर.

ती गप्प राहते, तळघरात जाते. घटना तीच राहिली, मी एकतिसाव्या भागात लिहिलेलीच, फक्त आता ती तिच्या निर्णयाने झाली. (हे सगळं वहीत करून बघितलेलं, टाकून झालेल्या भागाचं काय केलं ते शेवटी सांगते.)

हिरोचे निर्णय मोजा

शेवटचे दहा भाग घ्या, प्रत्येक भागात कथा वळली ते कोणाच्या निर्णयामुळे ते लिहा. माझे आकडे: ड्यूक सात, योगायोग दोन, रोझालिन एक, आणि तो एक निर्णय कुठला गाऊन घालायचा हा होता. हे मोजल्याशिवाय कळत नाही, लिहिताना वाटत असतं की बाई किती स्ट्राँग आहे.

उत्तरेचा ड्यूक हा कोरियन रोफॅनमधला, म्हणजे रोमँटिक फँटसीतला, ठरलेला माणूस आहे, थंड, श्रीमंत, राक्षस मारणारा, फक्त हिच्यापुढे मऊ. त्याला काढायची गरज नाही, लोकांना तो आवडतो, मलाही आवडतो. फक्त त्याला असं काम द्या जे तलवारीने होत नाही. आणि तिची शक्ती त्याच्यावर कुठेतरी अडू द्या. माझ्या ड्यूकच्या खोलीत अंथरूण सोडलं तर त्याने स्वतः हात लावलेलं काहीच नसतं, सगळं नोकर आणून ठेवतात. वाचायला काही नाही, विचारावंच लागतं. संवाद लिहायला कारण मिळालं.

नायिकेच्या विरोधात उभ्या असलेल्या बाईबद्दल एवढंच की मूळ कादंबरीतली गोड नायिका घेऊन तिला ढोंगी, चिरकी, मूर्ख करून टाकणं हा या प्रकारातला सगळ्यात आळशी डाव आहे. समोरची मूर्ख असली की शक्ती लागतच नाही, म्हणून ती वाया जाते. तिला शिकू द्या. रोझालिन हातमोजे काढते तेव्हा काहीतरी होतं हे दुसऱ्या कोणीतरी बाईने पाहिलं, तर ती पुढच्या वेळी वस्तू मुद्दाम तिसऱ्याच माणसाच्या हातून पाठवेल. झालं, शक्ती आता सापळा.

रताळं आणि सायडर

कोरियन वाचक रखडलेल्या भागाला रताळं म्हणतात, कोरडं रताळं पाण्याशिवाय घशात अडकतं तसं. आणि शेवटी अपमानाची सव्याज फेड होते त्याला सायडर, म्हणजे तिकडचं लिंबू-सोड्यासारखं थंड पेय. उपासाच्या दिवशी रताळं खाऊन ठसका लागलेल्या कोणालाही हे समजावून सांगावं लागणार नाही.

रोजचा भाग टाकणाऱ्यांनी वहीच्या मागच्या पानावर उधारी लिहावी: कुठल्या भागात कोणता अपमान झाला, कुठलं गुपित टाकलं, आणि ते अजून फेडलं का. माझा अनुभव असा की तीन भाग सलग रताळं झालं तर चौथ्यात निदान घोटभर तरी द्यावं लागतं, पूर्ण बाटली नसली तरी. आणि गैरसमजावर रताळं कधीच उभं करू नका जर नायिकेकडे तो गैरसमज मिटवायची शक्ती असेल. मनातलं कळणारी बाई आठ भाग "तो माझ्यावर प्रेम करतो का" म्हणून झुरतेय, हे वाचताना माणूस फोन फेकतो.

भाग आधीच टाकून झाले असतील तर

हे मला कोणी सांगितलं नव्हतं म्हणून सांगते. वाचलेले भाग मागे जाऊन बदलू नका, लोकांना आठवतं, आणि नवे-जुने वाचक कमेंटमध्ये एकमेकांशी भांडत बसतात. देव स्वप्नात येऊन नवी शक्ती देतो हा रस्तापण नको. जुन्या भागात जे लिहून गेलोय त्यातच फट शोधायची. मी एकतिसावा भाग पाच वेळा वाचला. त्यात एक वाक्य होतं, मीच कधीतरी झोपेत लिहिलेलं: विषाच्या भीतीने नोकराने पेला हात न लावता रेशमी कापडात गुंडाळला आणि खजिन्यात सीलबंद झाला.

म्हणजे त्या पेल्यावर शेवटचा हात अजून राजपुत्राचाच. ड्यूकने तिला सोडवून नेलं तरी खटला संपलेला नव्हता, तोही मी विसरले होते. तेहतिसाव्या भागात चौकशीला बोलावल्यावर रोझालिन म्हणते, पुरावा मला बघायचाय. पेला समोर येतो. ती टेबलाखाली डाव्या हाताचा मोजा काढते, एक एक बोट करून, ड्यूक शेजारीच बसलाय आणि त्याला वाटतं तिला उकडतंय. तो भाग मी तिथेच तोडला.

रात्री त्याच वाचकाची कमेंट आली. "उचलला एकदाचा. आता ड्यूकला कधी सांगणार?"